मोकळे सुटलेले दोघे

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये ओहायो स्टेटच्या संघावर २०१४ साली जे ओढवलं, त्यातून तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत पोहोचला हे मला आजही अचाट वाटतं. मोसम सुरू व्हायला दोन आठवडेही उरले नव्हते आणि डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा सरावात गेला. तोही चेंडू फेकायच्या हाताचा. त्याच्या जागी आला नवखा जे. टी. बॅरेट. नोव्हेंबरच्या अखेरीस, मिशिगनविरुद्ध, त्याचा घोटा मोडला. सात दिवसांवर बिग टेन गटाचा अंतिम सामना आणि हाताशी उरला कार्डेल जोन्स! पहिल्या मिनिटापासून त्याने तोवर एकही सामना खेळवला नव्हता.

एका माणसाच्या जाण्याने एवढं काय बिघडतं? साधी वजाबाकी करून बघा. मैदानावर अकरा विरुद्ध अकरा. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक एक. तो त्याच्या हाती देणारा क्वार्टरबॅक दुसरा. उरले नऊ, आणि अडवायचे आहेत अकरा. म्हणजे दोन बचावपटू मोकळेच! मग हा हल्ला पुढे सरकतो तरी कसा?

संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक अर्बन मायर यांच्या खेळात पहिल्या मोकळ्या गड्याला मुद्दामच कुणी अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी टेकवतो, पण सोडत नाही. नजर त्या गड्यावर. गडी रनिंग बॅककडे झेपावला, की चेंडू काढून घेऊन क्वार्टरबॅक त्याच्याच रिकाम्या जागेतून पळतो. गडी जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला देऊन टाकतो. इकडे आड, तिकडे विहीर! एवढा धिप्पाड माणूस, कुणी हातही न लावता डावाबाहेर.

दुसरा मोकळा गडी म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा सेफ्टी. त्याला अडवतो तो न फेकलेला चेंडू. लांब पास डोक्यावरून जाईल ही धास्ती असते तोवर तो पुढे यायला धजत नाही. आणि धास्तीच नसेल तर? ६ सप्टेंबरला व्हर्जिनिया टेकने माणसं खुशाल पुढे आणून लाइनला, म्हणजे अडवणाऱ्या पुढच्या फळीला, भिडवली. बॅरेटला चेंडू हातात असतानाच सात वेळा पाडलं (सॅक), त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले (इंटरसेप्शन) आणि ३५-२१ अशी हार. पुढे मात्र हाच मुलगा इतका तरबेज झाला, की धावून आणि पास देऊन मोसमात त्याच्या नावावर ४५ टचडाउन लागली.

आणि आता जोन्स. उंची सहा फूट पाच इंच, वजन एकशेदहा किलोंच्या वर. बॅरेटची चपळाई त्याच्यात नव्हती, पण हात तोफेसारखा. सात दिवसांत नवे डाव बसवणार कसे? बाकीच्या दहा जणांच्या अंगवळणी जुनेच पडलेले. म्हणून डाव तेच ठेवून फक्त त्यांचा भर बदलला. बॅरेट वळसा घालून पळायचा, जोन्सने वजनाच्या जोरावर सरळ मधून घुसायचं. आणि पास झेलणाऱ्या डेव्हिन स्मिथकडे लांब, खूप लांब फेकायचं. बिग टेनच्या त्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनविरुद्ध त्याचे तीन टचडाउन पास, तिन्ही स्मिथनेच झेलले. निकाल ५९-०!

पण खरी गंमत त्या पासमध्ये नाही. रनिंग बॅक इझिकिएल एलियटचे आकडे पाहा. त्याआधी मोसमात एकाही सामन्यात त्याचे दोनशे यार्ड झाले नव्हते. जोन्स आल्यावर विस्कॉन्सिनविरुद्ध २२०, बलाढ्य अलाबामाविरुद्ध २३०, ओरेगॉनविरुद्ध २४६. पळणारा तोच, डाव तेच! लाइनमधल्या पाचांपैकी चार जण त्या मोसमात नवे होते, तेही एव्हाना मुरले होते हे खरं. तरी माझ्या मते मोठा वाटा जोन्सच्या हाताचा. तो हात चेंडू फेको न फेको, सेफ्टी मागेच खिळून राहायचा आणि पुढची वाट एलियटला मोकळी मिळायची.

१२ जानेवारी २०१५ ला ओरेगॉनला ४२-२० असं हरवून ओहायो स्टेट अजिंक्य ठरलं. एलियटची चार टचडाउन. आणि पहिल्या मिनिटापासून जोन्सने खेळवलेला हा आयुष्यातला तिसराच सामना होता.