निवडुंगाची कुंडी व तिच्यातील माती

कुंडीतील निवडुंग सुकू लागला म्हणजे त्याला पाणी कमी पडत असावे, अशी पुष्कळांची समजूत होते व ते त्याला अधिक पाणी घालतात. काही दिवसांनी खोड बुंध्याशी मऊ पडते, काळवंडते आणि झाड कोलमडते. कुंडी रिकामी करून पाहिल्यास मुळे कुजलेली आढळतात. पाणी शोषून घेणारी मुळेच नष्ट झाल्यामुळे ते झाड ओल्या मातीत उभे असूनही तहानेने सुकत होते. या हानीचे मूळ बहुधा मातीच्या घडणीत असते.

मुळे जिवंत असतात व श्वसन करतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. हवेच्या तुलनेने पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. म्हणून या पोकळ्या दीर्घकाळ पाण्याने भरून राहिल्या, तर मुळे गुदमरतात आणि दुबळ्या झालेल्या मुळांत रोगकारक बुरशी शिरते. निवडुंगाला हा धोका विशेष असतो. त्याच्या खोडावरील सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटलेली असतात व मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे तो पाणी फार थोडे खर्च करतो व त्याच्या कुंडीतील ओल लवकर कमी होत नाही.

कॅक्टस कुलातील जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडांतील आहेत. अ‍ॅरिझोना व मेक्सिको येथील सोनोरन वाळवंटात वाढणारा सग्वारो हा निवडुंग १२ मीटरांहूनही उंच होतो. तथापि त्याची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच दूरवर पसरलेली असतात. तेथील भरड, खडकाळ जमिनीत पावसाचे पाणी झटकन मुरते. मुळे ते तत्परतेने शोषून घेतात आणि जमीन पुन्हा कोरडी होते. कुंडीतील मातीने हाच क्रम साधावयाचा असतो.

माती पाणी कशी धरून ठेवते, हे समजण्यास केशाकर्षणाचा नियम उपयोगी पडतो. १ मिलिमीटर व्यासाची काचेची नळी पाण्यात उभी धरली, तर तीत पाणी सुमारे ३० मिलिमीटर चढते, व्यास ०.१ मिलिमीटर असल्यास ते सुमारे ३०० मिलिमीटर चढते. मातीतील पोकळ्या अशा नळ्यांसारख्याच होत. त्या जितक्या बारीक, तितके पाणी त्यांत अधिक उंचीपर्यंत अडकून राहते. कणांचा आकार मोठा केला की पोकळ्या मोठ्या होतात, पाणी खाली उतरते आणि त्याची जागा हवा घेते.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, असा एक रूढ समज आहे. पण बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. थराच्या वरची माती पाण्याने पूर्ण भरल्यावरच ते खाली ठिबकू लागते. म्हणजे जो ओला थर कुंडीच्या तळाशी राहिला असता, तोच खडीमुळे मुळांच्या अधिक जवळ येतो. शाळेत हे तत्त्व स्पंजाच्या साहाय्याने दाखविता येते. पाण्याने भरलेला आयताकृती स्पंज आडवा धरावा. ठिबकणे थांबल्यावर तो लांबीच्या बाजूने उभा करावा. पाणी पुन्हा ठिबकू लागते. स्पंज तोच आहे, केवळ त्याची उंची वाढली. खडीचा थर मातीची उंची घटवितो. म्हणून छिद्रावर खापरीचा एक तुकडा ठेवणे पुरेसे आहे. सुधारणा करावयाची ती संपूर्ण मातीत.

आरंभासाठी पुढील प्रमाण घ्यावे: नदीची भरड, धुतलेली वाळू २ भाग, विटांचे २ ते ५ मिलिमीटरांचे तुकडे १ भाग, बागेची माती १ भाग आणि पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत १ भाग. विटांचा बारीक भुगा चाळून काढून टाकावा, कारण तो मोठ्या पोकळ्या बुजवितो. समुद्रकाठची वाळू क्षारयुक्त असल्याने वापरू नये. दख्खनची काळी माती ओली होताच फुगते व चिकट बनते. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या मातीचे कणही बहुधा बारीक असतात. अशा ठिकाणी मातीचे प्रमाण आणखी कमी करून भरड द्रव्ये वाढवावीत.

प्रत्येक गावची माती निराळी असल्याने तयार मिश्रणाची परीक्षा घेणे इष्ट होय. कुंडीइतक्याच उंचीच्या डब्याच्या तळाला छिद्रे पाडून ती मेणाने बंद करावीत व डब्यात किती पाणी मावते ते मोजावे. नंतर किंचित ओलसर मिश्रण काठापर्यंत भरून, ते पृष्ठभागी चमकेपर्यंत सावकाश पाणी घालावे. थोड्या वेळाने छिद्रे मोकळी करून निथळलेले पाणी मोजावे. जितके पाणी बाहेर आले, तितकी हवा आत गेली. १ लिटरच्या डब्यातून २५० मिलिलिटर पाणी निघाल्यास मिश्रणाचा चौथा हिस्सा हवेसाठी मोकळा आहे असे समजावे. हा हिस्सा एक-पंचमांशाहून कमी भरल्यास मिश्रण अधिक भरड करावे.

या नियमाला काही जातींचा अपवाद आहे. महाराष्ट्रात घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावले जाणारे, रात्री फुलणारे झाड हेही कॅक्टसच आहे. परंतु ते मूळचे अरण्यातील असून वृक्षांच्या फांद्यांवर वाढते. त्याला पालापाचोळ्याचे खत अधिक मानवते. हवेची गरज मात्र त्यालाही तितकीच असते.

माती योग्य असली, तरी पाणी घालण्याचा विवेक सुटता कामा नये. एकदा पुरेसे पाणी द्यावे आणि माती आतपर्यंत वाळल्यावरच पुन्हा द्यावे. पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी. तहान निवडुंग पुष्कळ दिवस सोसतो. गुदमरणे त्याला सोसवत नाही.