नऊ अक्षरांची चिठ्ठी

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इंग्रजी शिकवीत. माझे आयुष्य मात्र मराठीच्या अध्यापनात गेले. तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजी शब्दांविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. तथापि हा विषय त्यांनीच मला दिलेला आहे, आणि त्याचे उत्तर सादर करण्यास मला फार विलंब झाला आहे.

इंदूरला आमच्या घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि इंग्रजी केवळ पुस्तकात, अशी स्थिती होती. आठवीच्या सहामाहीत मी इंग्रजीत नापास झालो आणि प्रगतिपुस्तक घरी दाखवले नाही. लांब शब्द दिसला की माझी छाती दडपत असे. सरांना हे कळले. ते रागावले नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर नऊ अक्षरे लिहून दिली: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. "या नवांचा शब्द कर. मग याच नवांना पोटात घेणारे आणखी लांब शब्द शोध," एवढेच ते म्हणाले. अक्षरांचा क्रम कोणताही चालेल, जादा अक्षरेही चालतील. मात्र नवांपैकी एकही गळता कामा नये, हा नियम.

नऊ निरनिराळ्या अक्षरांच्या मांडण्या ३,६२,८८० होतात. एकेका मांडणीस पाच सेकंद धरले, तरी रात्रंदिवस बसून २१ दिवस लागतील. शब्दकोशही येथे कामास येत नाही, कारण तो शब्दाच्या आद्याक्षरावरून रचलेला असतो. पोटातल्या अक्षरांची त्यात नोंद नसते. जॉन वॉकर यांनी १७७५ साली शब्दांच्या शेवटाकडून रचलेला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. तो यमके जुळवणाऱ्यांच्या उपयोगी पडला. परंतु शब्दाचा शेवट आधी पाहावा, ही त्यातील दृष्टी आपल्याही उपयोगाची आहे.

सरांची युक्ती मात्र आमच्या मराठी व्याकरणाच्या तासातलीच होती. 'अनुकरणीय' हा शब्द आपण 'अनु' हा उपसर्ग, 'कृ' हा धातू आणि 'अनीय' हा प्रत्यय असा सोडवतो. इंग्रजी शब्दही तसाच सोडवावा, असे ते सांगत. टी-आय-ओ-एन ही अक्षरे असंख्य इंग्रजी नामांच्या शेवटी एकत्र बसतात. ती बाजूला काढताच माझ्यापाशी पाच अक्षरे उरली आणि मांडण्या केवळ १२०. दुसऱ्याच दिवशी 'एज्युकेशन' हा शब्द मला सापडला.

नंतर मी भूतकाळाचे ई-डी शेवटी ठेवले आणि त्याच्या आधी टी-आय-ओ-एन. आता ए, सी आणि यू ही तीनच अक्षरे उरली. सी-ए-यू असे मांडताच 'कॉशन्ड', म्हणजे सावध केलेला, हा शब्द मिळाला. मी धावत सरांकडे गेलो. ते हसून म्हणाले, "आणखी एक आहे." तो मला काही सापडेना.

लांब शब्द मात्र सापडत गेले. 'कम्युनिकेटेड' या १२ अक्षरी शब्दात ती नऊही अक्षरे आहेत; त्याला 'एक्स' हा उपसर्ग लावला की बहिष्कृत या अर्थाचा १४ अक्षरी शब्द होतो. 'डॉक्युमेन्टेशन' आणि द्विरुक्ती या अर्थाचा 'रिडुप्लिकेशन' हे दोन्ही १३ अक्षरी शब्द त्यांच्याच पंक्तीतले. वहीचे पान भरत गेले तसतशी माझी भीती ओसरली. लांब शब्द म्हणजे अनेक आखूड तुकड्यांची जुळणी, हे एकदा कळले की त्याची लांबी अंगावर येत नाही.

मराठीत हा खेळ निराळा होतो. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाच्या खांद्यावर बसतो, म्हणून सुटे करता येणारे घटक कमी पडतात. 'कविता' या शब्दात असे तीन घटक व त्यांच्या सहाच मांडण्या; त्यांतली एक मात्र 'विकता' अशी निघते.

आज हेच काम संगणक निमिषार्धात करतो. तो प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावतो. ज्या शब्दांचा असा क्रम एकच येतो, ते एकाच अक्षरांचे बनलेले. लांब शब्दांसाठी तो प्रत्येक अक्षर किती वेळा आले आहे, याची मोजणी ताडून पाहतो. ही रीत वाचताना मला ती चिठ्ठी आठवली. सरांनी ती नऊ अक्षरे वर्णानुक्रमेच लिहिली होती.

निवृत्तीनंतर एके सकाळी वर्तमानपत्रात मालमत्तेच्या लिलावाची इंग्रजी जाहिरात पाहत होतो. तेथे तिसरा शब्द भेटला: 'ऑक्शन्ड', म्हणजे लिलावात काढलेला. ए, सी, यू या तीन अक्षरांच्या सहा मांडण्यांपैकी एक जुळताच मी थांबलो होतो. ए-यू-सी करून पाहिलेच नव्हते. सर तेव्हा हयात नव्हते.

शिक्षण, सावधगिरीची सूचना आणि लिलाव ही एकाच नऊ अक्षरांची तीन रूपे आहेत, हे सरांना ठाऊक होते. मराठीच्या व्याकरणाने त्यांनी माझ्यासाठी इंग्रजीचे दार उघडले आणि त्याचे मोल कधी मागितले नाही. मातृभाषेची शाळा इंग्रजीच्या आड येते, असे म्हणणाऱ्या पालकांना मी ही हकीकत सांगतो.

राहिलेले उत्तर या पुस्तिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरणी सादर करीत आहे. सहामाहीचे गुण त्यांनी तेव्हा वाढवले नव्हते. आजही वाढवले नसते.