हात आणि वाणी

परभणी जिल्ह्यातील वालूर गावी कापसाच्या शेतात खुरपणीस बसलेल्या स्त्रियांची ओळ पाहिली, तर बहुतेकींच्या उजव्या हातात खुरपे दिसेल, एखादीच्याच डाव्या. जगात दहांपैकी साधारण एक मनुष्य डावखुरा असतो. भाषेने मात्र उजव्याचाच पक्ष घेतलेला आहे. भरवशाचा सहकारी तो ‘उजवा हात’, आणि दुर्लक्ष करणे म्हणजे ‘डावलणे’! डाव्या हाताने पाटीवर अक्षर काढणाऱ्या मुलास पूर्वी छडीही खावी लागे.

मेंदूत हा मान उलटा आहे. मेंदूचे दोन गोलार्ध असून त्यांतून हातापायांकडे जाणारे बहुतेक मज्जातंतू वाटेत बाजू बदलतात. त्यामुळे उजवा हात डाव्या गोलार्धाच्या आज्ञेत असतो.

वाणीचे काय? पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ साली एक रुग्ण आला. दुसऱ्यांचे बोलणे त्याला समजे. पण काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून ‘तां’ एवढाच ध्वनी निघे. त्याचे उजवे अंग लुळे पडले होते. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागास इजा झालेली आढळली. असे आणखी रुग्ण पाहून, वाणीचा कारभार डावीकडून चालतो, असे ब्रोका यांनी १८६५ मध्ये प्रतिपादन केले.

मग डावखुऱ्यांची वाणी उजवीकडे असली पाहिजे, हा तर्क पुष्कळ वर्षे वैद्यांनाही पटत असे. जुन वाडा या जपानी वैद्यांनी १९४९ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली. मानेतील धमनीत औषध सोडून एकच गोलार्ध काही मिनिटे निजवावयाचा आणि रुग्णास बोलता येते की नाही, हे पाहावयाचे. पुढे या परीक्षेवरून असे दिसले, की उजव्या हाताच्या शंभरांपैकी सुमारे ९५ जणांची वाणी डावीकडे असते. आणि डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० जणांची डावीकडेच! उरलेल्यांत काहींची उजवीकडे, काहींची दोहोंकडे. वालूरच्या त्या ओळीतील डावखुरीची वाणीही बहुधा शेजारणींप्रमाणेच असेल. शिवाय प्रत्येक कामास एकच हात लागतो, असेही नाही. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने फलंदाजी करीत. लेखन मात्र ते डाव्या हाताने करतात.

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडतो, त्याबरोबर कित्येकदा वाचाही जाते, ती या शेजारामुळेच. म्हाताऱ्याची बुद्धी गेली, असे घरच्यांस वाटते व त्याच्यादेखत नको ते बोलले जाते. पुष्कळदा हरवलेले असतात ते केवळ शब्द. नातवंडे त्याला ओळखू येतात, घरातले बोलणेही बरेचसे कळते. पाणी मागता न येणारा असा एखादा रुग्ण लहानपणी पाठ केलेला अभंग चालीवर म्हणू शकतो.