मधुमेह : डॉक्टरांना सगळं सांगताय ना?



इन्सुलिनचा शोध आपल्या टोरांटोत लागला. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी टोरांटो विद्यापीठात काम सुरू केलं आणि ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. औषधं आता भरपूर आहेत. पण डॉक्टर आपल्याला तीन-चार महिन्यांतून एकदा पंधरा मिनिटं भेटतात, बाकीचे दिवस साखर आपल्याच स्वयंपाकघरात वर-खाली होत असते.

आणि तिथलं डॉक्टरांना काहीच ठाऊक नसतं! उदाहरणार्थ उपवास. संकष्टीला चंद्रोदय झाल्यावर जेवायचं. इथे उन्हाळ्यात तो मध्यरात्रीच्या सुमारास होतो. दिवसभर पोट रिकामं आणि सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी नेहमीसारखीच घेतलेली, म्हणजे साखर ४ च्या खाली जाऊन चक्कर येण्याची भीती. उलट साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने वर चढते. तेव्हा "मी महिन्यातून एकदा उपवास करते, त्या दिवशी डोस किती घेऊ?" असं आधीच विचारावं. उपवास सोडा असंच ते सांगतील हा आपला समज असतो. पुष्कळदा डोस किंवा वेळ बदलून मार्ग निघतो.

गावाकडून आणलेल्या चूर्णांचंही तेच. काही आयुर्वेदिक औषधांत शिसं, पारा आढळल्याचा इशारा हेल्थ कॅनडाने २००५ मध्ये दिला होता. डबीच दाखवायला न्यावी. गोळ्यांचा खर्च परवडत नसेल तर तेही सांगावं. डॉक्टरांची भेट प्रांताच्या योजनेत बसते, गोळ्या बसतीलच असं नाही. आणि संकोचाने अर्धी गोळी खाणारे आपल्यात आहेत. स्वस्त पर्याय बरेचदा असतो, फार्मासिस्टलाही विचारता येतं.

भारतातून आई-वडील आले असतील तर आकड्यांचा घोळ टाळा. तिकडचा आकडा १८ ने भागला की इकडचा मिळतो, म्हणजे तिकडची १२६ ती इथली ७. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं ए-वन-सी मात्र दोन्हीकडे टक्क्यांतच असतं. ते बहुतेकांचं ७ किंवा त्याखाली असावं म्हणतात, पण थकलेल्या वृद्धांसाठी थोडं वर चालतं. आपलं किती असावं, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा, आणि घरी मोजलेल्या साखरेची वही बरोबर न्या.