मोनेचं धुक्यातलं लंडन

९ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये पॉल द्युराँ-र्‍युएल यांच्या गॅलरीत क्लोद मोनेचं एकल प्रदर्शन उघडलं, तेव्हा भिंतींवर ३७ चित्रं होती आणि विषय अवघे तीन. चेरिंग क्रॉसचा पूल आठ वेळा, वॉटर्लूचा पूल अठरा वेळा आणि पार्लमेंटची इमारत अकरा वेळा. चित्रकार फ्रेंच, पाहणारे फ्रेंच आणि सगळीकडे लंडनची थेम्स नदी.

मोने आणि लंडनचं नातं जुनं होतं. १८७०मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धापासून दूर राहण्यासाठी तो तिथे गेला, तेव्हा हातात पैसा नव्हता. द्युराँ-र्‍युएलची आणि त्याची गाठ तिथेच पडली. जवळपास तीस वर्षांनी तो परतला, तो नामवंत चित्रकार म्हणून. १८९९च्या शरदात आणि मग १९०० व १९०१च्या सुरुवातीला तो सॅव्हॉय हॉटेलात उतरला. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून डावीकडे वॉटर्लूचा पूल दिसे, उजवीकडे चेरिंग क्रॉसचा. दुपार कलली की तो नदीपलीकडच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात जाई आणि तिथून समोरचं पार्लमेंट रंगवी. यात एक हिशेब आहे. सकाळी सूर्य वॉटर्लूच्या बाजूला, दुपारी चेरिंग क्रॉसकडे आणि संध्याकाळी पार्लमेंटच्या मागे. म्हणजे दिवसभर तो उजेडाकडे तोंड करून बसलेला असे. त्यामुळे दगडी इमारतींचे तपशील आपोआप विरत आणि नुसते आकार उरत.

बाकीचं काम धुकं करी. हे धुकं निव्वळ नदीच्या बाष्पाचं नव्हतं. घराघरांतल्या शेगड्या आणि दक्षिण काठावरचे कारखाने दगडी कोळसा जाळत होते. त्याची काजळी आणि गंधकाचा धूर दमट हवेत मिसळला की पिवळट, तपकिरी, कधी जांभळट पडदा तयार होई. हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे प्रकाश विखुरतो, कडा पुसट होतात, लांबच्या वस्तूंचा उठाव कमी होतो. लंडनकरांचे श्वास कोंडणारी ही हवा मोनेला मात्र प्रिय होती. १९००च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी आकाश स्वच्छ पाहून तो घाबराच झाला. मग हळूहळू चुली पेटल्या, धूर चढला आणि त्याच्या जिवात जीव आला, असं त्याने पत्नी आलीसला कळवलं.

ही हवा क्षणाक्षणाला बदले. म्हणून एका वेळी साठाहून अधिक कॅन्व्हास चालू असत. उजेड पालटला की त्याच्याशी जुळणारा कॅन्व्हास ढिगातून शोधायचा, चार फटकारे मारायचे, तोवर पुन्हा सगळं पालटलेलं. तिन्ही मुक्कामांत मिळून शंभराच्या आसपास चित्रं सुरू झाली आणि अर्धवट अवस्थेत जिव्हर्नीच्या घरी आली. तिथे स्टुडिओत आणखी तीन वर्षं काम चाललं. द्युराँ-र्‍युएल चित्रं मागत राहिला, पण सगळी एकत्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय एकही पुरी करता येत नाही, असं मोनेचं म्हणणं होतं.

मला हे म्हणणं फार महत्त्वाचं वाटतं. ३७ चित्रांचं ते प्रदर्शन म्हणजेच मूळ कलाकृती होती. एकटं चित्र पाहिलं तर धूसर पूल दिसतो. शेजारी दुसरं, तिसरं आलं की पूल जागेवर राहतो आणि सरकते ती हवा. चित्राचा खरा विषय तीच आहे हे तेव्हा कळतं.

शास्त्रज्ञांनीही ही चित्रं गंभीरपणे वाचली आहेत. २००६च्या एका अभ्यासात पार्लमेंटच्या चित्रांतली सूर्याची जागा मोजली गेली आणि ती मोनेच्या पत्रांतल्या तारखांशी जुळली. २०२३मध्ये इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतला वाढता धूसरपणा त्या काळच्या वाढत्या प्रदूषणाशी ताडून पाहण्यात आला. हे पटण्यासारखं आहे, पण एवढ्यावर थांबणं मोनेवर अन्याय करणारं आहे. हवा त्याने बनवली नाही, तरी ती निवडली त्याने, तिची वाट पाहिली त्याने आणि तीन वर्षं स्टुडिओत तिच्यावर रंग चढवले तेही त्यानेच.

पॅरिसचं प्रदर्शन गाजलं, चित्रं विकली गेली. पुढच्या वर्षी ती लंडनमध्ये मांडायची मोनेची इच्छा होती, ती मात्र राहून गेली. पुढे १९५२च्या जीवघेण्या धुरक्यानंतर, १९५६मध्ये, ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि ते धुकंही हळूहळू ओसरलं. अखेर सप्टेंबर २०२४मध्ये सॅव्हॉयपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोर्टोल्ड गॅलरीने ठिकठिकाणची २१ चित्रं जमवून लंडनकरांना दाखवली. जानेवारी २०२५मध्ये ती पुन्हा आपापल्या संग्रहांत परतली. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात किंवा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मोनेच्या लंडनच्या चित्रांतलं एखादं समोर आलं, तर बाकीच्या चित्रांची छायाचित्रं सोबत ठेवून ते पाहावं.