चारशे वर्षांत एक फेरा

चारशे वर्षांतून एकदाच फिरणारं चाक कुणी का बनवावं? जिनिव्हाच्या पाटेक फिलिपने ते बनवलं, १९८९ मध्ये, कंपनीला दीडशे वर्षं झाली म्हणून. १८३९ मध्ये पोलंडमधून आलेल्या आंतोनी पाटेकने एका भागीदाराबरोबर धंदा मांडला. पुढे त्याला आद्रियां फिलिप भेटला. सुटी किल्ली न लावता घड्याळाचीच फिरकी पिळून चावी देण्याची युक्ती या फ्रेंच कारागिराची.

दीडशेव्या वर्षीच्या घड्याळाचं नाव ‘कॅलिबर ८९’. म्हणायला खिशातलं, पण वजन १ किलो १०० ग्रॅम. एवढ्याने खिसा फाटेल! आत १,७२८ भाग, २४ काटे, ३३ करामती. कल्पनेपासून पूर्ण व्हायला ९ वर्षं लागली आणि घडली फक्त चार.

आता ते चाक. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप. त्यामुळे २००० लीप होतं. २१००, २२०० आणि २३०० नसतील. २४०० पुन्हा असेल. हा हिशेब ते चाक सांभाळतं. घड्याळ न थांबता चाललं, तर चाकाचा पहिला फेरा पुरा व्हायला २३८९ उजाडेल. गंमत अशी की याच घड्याळात ईस्टरची तारीख दाखवणारी खाचांची चकती आहे, आणि तिच्या खाचा २०१७ लाच संपल्या. चार शतकांची बेगमी करणाऱ्यांना ईस्टर ठरवणारा चंद्र आणि रविवार यांचा मेळ मात्र २८ वर्षांपुरताच बसवता आला!

किमतीचे आकडे डोळे फिरवतात खरे. २०१९ मध्ये त्यांचं ‘ग्रँडमास्टर चाइम’ जिनिव्हाच्या धर्मादाय लिलावात ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. तेव्हाचे सुमारे २२० कोटी रुपये, तेही सोन्याच्या नव्हे, स्टीलच्या घड्याळाला. पण पैसा काय, उद्या याहून मोठी बोली लागेल. मला थक्क करतात ते आतले आकडे. सेकंदाला ८ ठोके देणारं साधं मनगटी घड्याळ वर्षाला २५ कोटींहून जास्त ठोके देतं. चंद्रकला दाखवणारी पाटेकची घड्याळं १२२ वर्षांत एका दिवसाने चुकतात.

त्यांच्या नेहमीच्या ‘परपेच्युअल कॅलेंडर’, म्हणजे लीप वर्षं आपोआप सांभाळणाऱ्या घड्याळांत मात्र चारशे वर्षांचं चाक नसतं. तुमच्याकडे असं एखादं असेल, तर पतवंडांना लिहून ठेवा: १ मार्च २१०० च्या सकाळी ते २९ फेब्रुवारी दाखवेल, तारीख हाताने पुढे करा.