विश्लेषण : पहिले व्हीएमसी कोणते घ्यावे? किमतीआधी तासांचा हिशेब का हवा?

कोल्हापूरची शिरोली, पिंपरी-चिंचवडची भोसरी किंवा नाशिकचे सातपूर. यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत दोन लेथ, एक एमवनटीआर मिलिंग आणि एक ड्रिल एवढ्यावर चालणारे गाळे दिसतात. कधी तरी मोठा ग्राहक म्हणतो, ‘पुढची ऑर्डर सीएनसीवर काढून देणार असाल तरच.’ तिथून कोटेशन मागवणे सुरू होते. पहिल्या मशीनसाठी अनेकदा घर गहाण पडते, त्यामुळे निवड चुकली तर फटका फक्त गाळ्यापुरता राहत नाही.

व्हीएमसी म्हणजे काय?

व्हर्टिकल मशीनिंग सेंटर. स्पिंडल उभा असतो, टेबल आणि स्पिंडल प्रोग्रामनुसार तीन अक्षांवर सरकतात आणि टूल आपोआप बदलते. मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग एकाच सेटिंगमध्ये होते. लहान कारखाना ‘सीएनसी मिलिंग घ्यायचे’ म्हणतो, तेव्हा बहुतेकदा त्याला हेच अभिप्रेत असते.

आधी मशीन की आधी पार्ट?

आधी पार्ट. हातात असलेल्या कामांपैकी तीन-चार ड्रॉइंग टेबलावर मांडावीत. पार्ट ॲल्युमिनियमचे, लहान आणि भरपूर भोकांचे असतील, तर बीटी-३० टेपरचे ड्रिल-टॅप सेंटर पुरते. ते झपाट्याने टूल बदलते. कास्टिंग किंवा स्टीलचा जाड थर काढायचा असेल, तर बीटी-४० हवे. टेपर म्हणजे टूलहोल्डर स्पिंडलमध्ये बसतो तो निमुळता भाग. तो जितका मोठा, तितका भारी कट सोसतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीचे कास्टिंग करणाऱ्याने केवळ १२ हजार आरपीएमच्या आकड्याला भुलून हलके मशीन घेतले, तर फेसमिल लावताच मशीन थरथरेल. त्याला कमी वेगाला मिळणारा टॉर्क पाहायला हवा.

टेबलाचे मापही असेच फसवते. पार्ट ३०० मिलिमीटरचा, म्हणून ४०० मिलिमीटर पुरेल असे वाटते. पण फिक्स्चर, क्लॅम्प आणि टूल आत येण्याची जागा धरली की टेबल भरते. झेड अक्षात तर व्हाइसची उंची, पार्टची उंची आणि लांब ड्रिल यांची बेरीज करूनच पाहावे. दोन विक्रेत्यांना स्वतःचे ड्रॉइंग द्यावे, सायकल टाइम लेखी मागावा आणि शक्य असेल तर आपल्याच मटेरियलवर ट्रायल कट घ्यावा. ब्रोशरमधला चकचकीत नमुना कापून दाखवला, तर त्यावरून आपल्या कामाचे काहीच कळत नाही.

कंट्रोलर कोणता?

फॅनुक, सीमेन्स, मित्सुबिशी तिन्ही चालतात. आपल्या वसाहतीतले सेटर कशावर शिकले आहेत, हे पाहावे. मुलगा सोडून गेला तर आठवड्यात दुसरा मिळाला पाहिजे.

कोटेशनमध्ये काय नसते?

बरेच काही. टूलहोल्डर, कोलेट, चांगला व्हाइस, कटर, कॉम्प्रेसर, सर्व्हो स्टॅबिलायझर, कॅम सॉफ्टवेअर, मोजमापाची साधने हे सगळे बहुधा वेगळे घ्यावे लागते. १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळते, पण तेवढे पैसे सुरुवातीला अडकतात. महावितरणकडून वाढीव लोड मंजूर करून घ्यायला वेळ जातो, तो अर्ज मशीनच्या ऑर्डरबरोबरच टाकलेला बरा. आणि गाळ्याचे शटर मोजा! काही टनांचे मशीन हायड्राला लटकले असताना शटर वीतभर कमी पडते आहे, हे कळण्यात अर्थ नाही.

हप्ता किती तासांत फिटतो?

खरी परीक्षा इथे आहे. समजा, २० लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता सुमारे ४३,५०० रुपये. ऑपरेटर २२ हजार, वीज १२ हजार, टूल-इन्सर्ट-ऑइल १२ हजार, गाळ्याचे भाडे १५ हजार धरले, तर महिन्याचा खर्च १ लाख ४ हजार ५०० होतो. (आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहावेत.) एका शिफ्टचे २५ दिवसांत २०० तास. सेटिंग, तपासणी, मटेरियलची वाट यांत काही जातात. बिलात लावता येतील असे १४० तास उरले, तर ताशी खर्च सुमारे ७४६ रुपये.

आता दुसरी शिफ्ट चालवली, ऑपरेटर वाढवला, वीज आणि टूलचा खर्च दुप्पट केला. एकूण दीड लाखाच्या आसपास, बिलाचे तास २८०. ताशी खर्च ५३७ रुपयांवर येतो. ग्राहक ५५० देत असेल, तर एका शिफ्टवर मशीन तोट्यात आणि दोन शिफ्टवर जेमतेम फायद्यात. म्हणून दुसऱ्या शिफ्टचे काम कुठून येणार, हे ऑर्डर देण्याआधी माहीत हवे.

याच हिशेबातून किमतीचेही उत्तर मिळते. दोन लाख जास्त मोजले, तर हप्ता सुमारे ४,३५० रुपयांनी वाढतो. पण स्वस्त मशीनचा सर्व्हिस इंजिनीअर आठवडाभर फिरकला नाही, तर सहा दिवसांचे ६७ तास, म्हणजे ३६ हजारांहून अधिकचे काम बुडते. तेव्हा शोरूममध्ये घासाघीस करण्याइतकाच वेळ त्याच कंपनीचे मशीन वापरणाऱ्या शेजारच्या कारखान्यात घालवावा. ‘बंद पडल्यावर माणूस किती तासांत आला?’ एवढेच विचारावे.

विनातारण कर्ज म्हणजे जोखीम नाही?

हा गैरसमज आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या सीजीटीएमएसई योजनेत १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी मिळू शकते. ही हमी बँकेला असते. कर्जदाराची परतफेड त्याने माफ होत नाही. दुसरीकडे, २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार ग्राहकाने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात बिले रखडतात, हप्ता मात्र थांबत नाही. तीन-चार हप्त्यांइतकी रक्कम हाताशी ठेवूनच मशीन आणावे, असे आमचे मत.

जुने मशीन घ्यावे का?

जाणकार सोबत असेल तर जरूर. स्पिंडल अर्धा तास वेगात चालवून आवाज आणि तापणे पाहावे, मग टेस्ट मँड्रेल लावून डायलने रनआउट मोजावा. हँडव्हीलने एक-एक शतांश मिलिमीटर पुढे-मागे सरकवून बॅकलॅश तपासावा. कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का, याची चौकशी करावी. शिवाय सगळ्या पॅरामीटरचा बॅकअप मालकाकडून कार्डवर घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नये. बॅटरी संपून ते पुसले गेले, तर चांगले मशीनही नुसते उभे राहते.